माळाचा हिस्सेदार

भारताच्या सपाटीवरच्या लांडग्याचं बारसं आमच्या दख्खनच्या माळावर झालं, आणि माळावरच्या लोकांनाच ते ठाऊक नाही. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा फौजी अधिकारी. १८१७ साली खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या विरुद्ध लढला होता. पेशवाई बुडाल्यावर १८२४ मध्ये मुंबई सरकारनं त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. गावं किती, विहिरी किती, जोंधळ्याचा भाव काय, हे लिहिता लिहिता त्यानं इथली पाखरं, मासे आणि जनावरंही टिपली. १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यानं दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली, तीत आपला लांडगा ‘कॅनिस पॅलिपेस’ म्हणून दाखल झाला. पुढं त्याला करड्या लांडग्याची उपजात ठरवून ‘कॅनिस ल्युपस पॅलिपेस’ म्हणू लागले. साइक्सनं मराठी नावही दिलं आहे आणि जोडीला शेरा मारला आहे: उघड्या खडकाळ माळांवर पुष्कळ, घाटातल्या झाडीत मात्र आढळत नाही.

साहेबानं दोनशे वर्षांपूर्वी जे एका ओळीत लिहिलं, ते आपल्या वनखात्याला आणि शाळेच्या पुस्तकांना अजून नीट पचलेलं नाही. लांडगा म्हटलं की चित्रात जंगल येतं. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगनं १८९४ मध्ये मोगलीला लांडग्यांच्या घरात वाढवलं आणि ते घर शिवनीच्या दाट रानात नेऊन ठेवलं. तेव्हापासून लांडगा वाघाच्या शेजारी राहतो असंच पोरं धरून चालतात. खरा लांडगा राहतो तरवड, बोरी आणि कुसळी गवताच्या उजाड माळावर, मेंढरांच्या आसपास.

मी माण तालुक्यातला. जन्म धनगराच्या घरात, पेशा मास्तरकीचा. हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालो. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, मेंढरांचा वाडा दिवाळीनंतर कृष्णाकाठाकडं उतरायचा आणि मृग लागला की माघारी यायचा. पाऊस इथं वर्षाला वीस इंचही धड पडत नाही, त्यामुळं जमीन पिकवण्यापेक्षा जमिनीवरून फिरणं शहाणपणाचं, हे माझ्या वाडवडलांना कुणी शिकवावं लागलं नाही. शाळेमुळं मी वाड्याबरोबर फार राहिलो नाही. पण उन्हाळ्याच्या सुटीत वाघरीच्या कडेला झोपलेलो आहे. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. खुंट्या ठोकून तिचा गोल करायचा, आत मेंढरं, बाहेर चार बाजूंना कुत्री आणि माणसं.

लांडगा यायचा तो पहाटेच्या आधी, कुत्री रात्रभर भुंकून दमलेली असताना. वारा जिकडं वाहतो त्या अंगानं, म्हणजे कुत्र्यांना वास लागू नये. एकटा क्वचितच. एक जण अंगावर चांदणं पडेल असा समोर उघड्यावर उभा राहायचा. कुत्री त्याच्यावर तुटून पडायची, तो पळायचा, पण पळताना सारखा थांबून मागं बघायचा, कुत्र्यांना ओढत न्यायचा. तेवढ्यात पलीकडच्या बाजूनं दुसरा वाघरीवरून आत. आत एकच गोंधळ, मेंढरं एकमेकांवर चढायची, आणि त्या धुळीतून तो गळ्याला धरलेलं कोकरू घेऊन बाहेर. आबा घोंगडं फडकवत, बोंब मारत धावायचे. पण ते धावायचे ज्या बाजूला कुत्री नाहीत त्या बाजूला. ‘समोर दिसतं ते लांडगं न्यायला आलेलं नसतंय,’ असं ते म्हणायचे.

नेलेलं कोकरू आमच्या घरात खंडोबाच्या वाट्याला लावलं जायचं. कळपातला एक हिस्सा देवाचा, एक चोराचा, एक लांडग्याचा, उरलेला आपला. अलीकडं शहरातून अभ्यासाला येणाऱ्या मंडळींना हे सांगितलं की त्यांना भरून येतं. धनगर आणि लांडगा यांचं फार गोड चित्र काढायची हल्ली रीत पडली आहे. त्यांना मी हेही सांगतो, की याच हिस्सा सोडणाऱ्या लोकांनी ओघळीतल्या बिळाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या पेटवून आत धूर कोंडल्याचं मी पाहिलेलं आहे. पिल्लं होती. थंडीच्या दिवसांत लांडगी विते, नेमकी तेव्हा कोकरं वाढत असतात. सलग दोन-तीन रात्री कोकरं गेली की खंडोबाचा हिशेब संपायचा. सोसणं होतं, पण त्याला मर्यादा होती, आणि त्या मर्यादेच्या आत दोघंही पिढ्यान् पिढ्या जगले, एवढंच मी इतिहासाचा मास्तर म्हणून म्हणू शकतो.

दोघांना धरून ठेवणारी तिसरी गोष्ट म्हणजे माळ. आणि माळाचा इतिहास लिहायचा तर सरकारी दप्तरांतूनच लिहावा लागतो. मराठ्यांच्या राज्यात पागेच्या घोड्यांसाठी कुरणं राखलेली असत. गवत ही तेव्हा फौजेची गरज होती, त्यामुळं गवताला किंमत होती. पागा गेल्या, तशी कुरणांची राखणही सैल झाली. मग आला जमिनीचा सर्व्हे. १८३६ च्या सुमारास विंगेट आणि गोल्डस्मिड या कंपनीच्या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी आणि हलका सारा सुरू केला. सारा कमी झाला तसा पडीक माळ नांगराखाली येऊ लागला. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, इकडं भाव चढले, आणि नांगर अजून वर, टेकाडाच्या पायथ्यापर्यंत गेला. १८७६ चा दुष्काळ पडला तेव्हा त्यातली कितीतरी जमीन पुन्हा ओस पडली. १८७८ च्या जंगल कायद्यानं चराईवर बंधनं आली. म्हणजे एका माणसाच्या हयातीत माळ फौजेचा होता तो कुळाचा झाला, कुळाचा होता तो ओस पडला, आणि उरलेल्यावर जंगलखात्याची पाटी लागली. मेंढकं मात्र वर्षातून दोनदा त्याच वाटेनं जात राहिली, आणि त्यांच्या मागं लांडगा.

या काळात लांडग्याची सरकारी नोंद एकाच कारणानं व्हायची: तो मेला म्हणून. इंग्रज अमलात हिंस्र जनावरांवर बक्षिसं लावलेली होती. कातडं किंवा मुंडकं कचेरीत हजर करायचं, रक्कम घ्यायची, कारकून रजिस्टरात आकडा वाढवायचा. इतिहासकार महेश रंगराजन यांनी ही दप्तरं तपासून काढलेला हिशेब असा, की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत बक्षिसासाठी ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. वाघाच्या शिकारीचे फोटो निघाले, राजवाड्यांत कातडी टांगली गेली. लांडग्याचं कातडं कुणी भिंतीवर लावत नव्हतं. ते कचेरीच्या मागं जाळून टाकण्याच्या लायकीचं. म्हणून दोन लाखांचा आकडा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

उत्तरेत या द्वेषाला कारण होतं. वायव्य प्रांत आणि अवध या मुलखात १८७६ या एका वर्षी लांडग्यांनी ७२१ माणसं मारल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्याच नोंदीत बदल्यात मारलेले २,८२५ लांडगे. तरीसुद्धा तिथल्या खेड्यांत लांडगा मारायला लोक नाखूश असत. ज्या गावाच्या शिवेत लांडग्याचं रक्त सांडेल ते गाव उजाड होतं, अशी समजूत असल्याचं स्लीमननं लिहून ठेवलंय. हा स्लीमन ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध. लांडग्यांनी पोसलेल्या पोरांवरही त्यानं १८५२ मध्ये एक पुस्तिका काढली होती. आपल्याकडच्या माळावर मात्र माणसाचं पोर उचलणारा लांडगा मी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडूनही ऐकला नाही. पिसाळलेला ऐकला आहे, आणि त्याची भीती वाघाहून मोठी. १९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात प्रतापगड, सुलतानपूर, जौनपूर या भागांत आणि परवा २०२४ मध्ये बहराइचमध्ये पोरं गेली, ती बातमी खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही. ऊसशेतीत, दाट वस्तीत, दाराशिवायच्या घरांत झोपणारी गरिबाची पोरं होती ती. पण एका भागातल्या एखाद्या कळपाचा गुन्हा देशभरच्या लांडग्यांच्या माथी मारायचा, हा जुना रजिस्टरी हिशेब झाला.

स्वातंत्र्यानंतर बक्षिसं बंद पडली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं लांडग्याला पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला बसवलं. पंक्तीला बसवलं, वाढलं मात्र काही नाही. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, त्याला राखीव जंगलं मिळाली, पैसा मिळाला. लांडग्याच्या नावानं देशात १९७६ मध्ये एक अभयारण्य झालं, झारखंडातल्या पलामूत महुआडांडला, ६३ चौरस किलोमीटरचं. दुसरं थेट अलीकडं, कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यातल्या बंकापूरला, जेमतेम ३३२ हेक्टरांचं. मध्य प्रदेशातलं नौरादेही हे लांडग्यांचं माहेर म्हणून ओळखलं जायचं. तिथं २०१८ मध्ये वाघ आणून सोडले आणि २०२३ मध्ये त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाशी माझं वैर नाही. पण पाहुण्याला बैठकीची खोली दिली आणि घरच्याला ओसरीवर काढलं, तसं झालं.

महाराष्ट्रात लांडग्याला जे संरक्षण मिळालं ते दुसऱ्याच्या नावावर. सत्तरच्या दशकात सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळावर माळढोक दिसले, अवर्षणप्रवण भागाच्या योजनेतून गवताचे गट राखले गेले, आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात शहरं होती, साखर कारखाने होते, घर बांधायला परवानगी मागणारे हजारो शेतकरी होते, आणि त्या पाखराचं नाव काढलं की लोक चिडायचे. शेवटी क्षेत्र उतरवून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळढोक जवळजवळ संपला होता. पण राखलेल्या गवतावर काळवीट वाढले, सशांना आडोसा मिळाला, आणि लांडग्यानं तिथं बिळं केली. नव्वदच्या दशकापासून अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे संशोधक नान्नजला येऊन राहिले. भारतीय लांडग्याच्या खाण्याविण्याचं आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंच त्या माळावरून आलेलं आहे. बाकी आमच्याकडची अभयारण्यं लहान. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी २.१७ चौरस किलोमीटर, बारामतीकडचं सुप्याचं मयूरेश्वर ५.१४. लांडग्याचा एक कळप शंभर-दोनशे चौरस किलोमीटर सहज फिरतो. मयूरेश्वर त्याला एका रात्रीच्या वाटेतला टप्पा.

म्हणजे तो राहतो कुठं? आपल्यातच. गायरानात, वनखात्याच्या गवती गटांत, पाझर तलावाच्या भरावाखाली, पडीक रानात. भारतीय वन्यजीव संस्थेचे यादवेंद्रदेव झाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये केलेला अंदाज आहे, की देशात या जातीचे साधारण ३,१०० लांडगे असावेत. महाराष्ट्रात चारशेच्या आसपास. त्याच वर्षीच्या गणनेत वाघांचा अंदाज ३,६८२ होता. वाघ जास्त, लांडगे कमी, हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहिलं असतं तर पोरांनी मास्तर चुकले म्हणून खडू हातात दिला असता. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं भारतीय लांडग्याचं प्रथमच वेगळं मूल्यमापन केलं आणि त्याला ‘असुरक्षित’ गटात घातलं. भारत आणि पाकिस्तान मिळून तीन हजारांच्या आगेमागे. वेगळं का, तर हा जगातल्या सर्वांत जुन्या लांडगाकुळांपैकी एक. जनुकांचा अभ्यास सांगतो, की बाकीच्या लांडग्यांपासून त्याची शाखा लाखावर वर्षांपूर्वी फुटली. लडाख-स्पितीकडचा केसाळ लांडगा हा तर आणखी निराळ्या घराण्यातला. साइक्सनं पाहिलेला सडपातळ, मातकट, वीस किलोच्या अलीकडं-पलीकडं वजनाचा प्राणी म्हणजे युरोपातल्या लांडग्याची गरीब आवृत्ती नव्हे. तो थोरल्या पातीचा.

त्याला आज धोका कशाचा? बंदुकीचा नाही. आमच्या तालुक्यात मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली झाडं. हे ऐकून लोक बिथरतात. दप्तरात माळाला पडीक म्हणतात, आणि पडीक म्हटलं की काहीतरी लावून ते ‘सुधारायची’ खाज सुटते. जेसीबीनं समतल चर खणायचे, त्यात गिरिपुष्प लावायचं. गिरिपुष्पाला मेंढरू तोंड लावत नाही, त्याच्या सावलीत कुसळी वाढत नाही, चरांनी माळ असा फाडला जातो की हरणाला सरळ पळता येत नाही. वृक्षारोपणाचा फोटो निघतो, पुढाऱ्याच्या गळ्यात हार पडतो, आणि एक कुरण संपतं. आता त्यात सौरऊर्जेची भर. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत पहिली नजर गायरानावर जाते, कारण सातबाऱ्यावर ते मोकळं दिसतं.

दुसरी गोष्ट पाणी. उरमोडीचं पाणी माणच्या काही भागात आलं. आलंच पाहिजे होतं, आमच्या बायकांनी डोक्यावर हंडे वाहून हाडं झिजवली आहेत. पण पाण्याबरोबर ऊस आला, तारेचं कुंपण आलं, आणि पूर्वी रानात मेंढरं बसवायला धान्य देऊन बोलावणारा शेतकरी आता युरियाचं पोतं आणतो. वाड्याची वाट बंद झाली. भाचे म्हणतात, मामा, मेंढरं राखणाऱ्याला पोरगी कोण देतंय? वाडे कमी झाले तसा लांडग्याच्या पोटाचा आधारही कमी झाला. पूर्वी मेलेलं जनावर माळावर टाकायचे, तेही आता कुत्र्यांच्या वाट्याला जातं.

तिसरी गोष्ट म्हणजे ही कुत्रीच. आमच्या वाड्याची कुत्री राखणीची होती, मोजकी होती, मालकाची होती. आता ढाब्यांच्या, कोंबड्यांच्या शेडच्या आणि कचरा डेपोंच्या आसऱ्यानं माळावर बेवारशी टोळ्या झाल्या आहेत. त्यांच्याकडून रोग येतात, त्या लांडग्याच्या तोंडचं पळवतात, आणि कळप मोडला, जोडीदार मेला, की एकट्या लांडग्याला कुत्र्यातच जोड मिळते. सासवडच्या माळावर पिवळट, फिक्या रंगाचे लांडगे दिसू लागले तेव्हा पुण्याच्या ग्रासलँड्स ट्रस्टच्या मंडळींना संशय आला. त्यांनी बंगळुरूच्या शास्त्रज्ञांच्या मदतीनं जनुकं तपासून घेतली, आणि २०२३ मध्ये पक्कं झालं, की ते लांडगा-कुत्र्याच्या संकराचे होते. पुण्याच्या नव्या विमानतळाच्या चर्चेत ज्या पुरंदरचं नाव रोज येतं, त्याच तालुक्यातली ही गोष्ट. दोन लाख मुंडकी मोजून जे झालं नाही ते असं, कुणी न मारता, होऊ शकतं.

भरपाईबद्दल थोडं लिहिलं पाहिजे, कारण पुण्या-मुंबईत सगळ्यांना वाटतं की सरकार पैसे देतं म्हटल्यावर तक्रार कसली. कायद्यानं लांडग्यानं मारलेल्या मेंढीची भरपाई मिळते, खरं आहे. पण ठरल्या मुदतीत वनखात्याला कळवायचं, पंचनामा होईपर्यंत मढं जागचं हलवायचं नाही. माझा चुलतभाऊ अजून वाडा घेऊन फिरतो. पहाटे मेंढी मेली, की त्याच्यापुढं दोनच रस्ते. दोनशे मेंढरं उपाशी कोंडून, परक्या शेतकऱ्याच्या शिव्या खात वनरक्षकाची वाट बघायची, किंवा पुढच्या मुक्कामाला चालू लागायचं. तो चालू लागतो. अन् कोकराचं तर मढंच उरत नाही, पंचनामा कशाचा करायचा? वनरक्षकाचीही दया येते. त्याच्याकडं वीस-पंचवीस गावं आणि एक मोटारसायकल. फिरत्या माणसाचं नुकसान बसल्या माणसाच्या नियमानं मोजायचं, ही साऱ्याच्या काळापासूनची रीत आहे. त्यातून कुणी मढ्यावर थायमेटचं विष टाकून ठेवतो. रात्री लांडगा येतो, तरस येतं, खोकड येतं, सगळ्यांचा निकाल एका मुठीत.

अलीकडं काही बरं घडतंय, तेही लिहितो. पुणे वनविभागानं २०२४ मध्ये इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या गाडीखेलला गवताळ सफारी सुरू केली. तिकीट काढून माणसं माळ बघायला येतात, गावच्या पोरांना वाटाड्याचं काम मिळतं. विंगेटसाहेबानं ज्या इंदापुरात माळ नांगराखाली घालायला सुरुवात केली, त्याच तालुक्यात माळ माळ म्हणून राखायला पैसे मिळू लागले, हे बघायला मी मुद्दाम गेलो होतो. गाडीतल्या एका बाईंनी विचारलं, ‘काका, इथं जंगल कुठं सुरू होतं?’ वाटाड्या पोरगा हटकर धनगराचा होता. तो म्हणाला, ‘मॅडम, झालं की सुरू मगाशीच.’

आमच्या गावच्या गायरानाचा निर्णय अजून लागलेला नाही. सौर प्रकल्पासाठी ते मागितलं आहे. ग्रामसभेत मी उठून म्हणालो, की ठरावात चराईचा हक्क लिहा, आणि त्याबरोबर ओढ्याकाठची लांडग्याच्या बिळांची पट्टी वगळून मागा. पोरं हसली. सरपंच बाई म्हणाल्या, मास्तर, लांडगा काय मतदार हाय का? मी म्हणालो, मेंढकं हायत की, नव्वद घरं. यावर मात्र कुणी हसलं नाही. ग्रामसेवकानं दोन्ही मुद्दे लिहून घेतले आणि सभा तहकूब झाली. पुढची तारीख ऊसतोडीला गेलेली माणसं परतल्यावर लागेल.